पाणवनस्पतीसोबत कोण कोण येते?

घरात नवा फिश टँक येतो. वाळू तीनदा धुतलेली असते, नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवून मगच ओतलेले असते, मासे निरखून निवडलेले असतात. शोभेसाठी दुकानातूनच हिरव्यागार पाणवनस्पतीची एक जुडी घेतलेली असते आणि ती पाण्यात एकदा हलवून टाकीत सोडलेली असते. पंधरा-वीस दिवसांनी काचेच्या आतल्या बाजूने मोहरीएवढ्या गोगलगायी चढताना दिसू लागतात. महिन्याभरात त्या मोजता येईनाशा होतात. घरातल्या कोणीही त्या आणलेल्या नसतात, आणि बंद खोलीतल्या काचेच्या पेटीत त्या आपणहून चालत येणेही शक्य नसते.

उत्तर त्या जुडीत असते. पाण्यातली वनस्पती कधीही एकटी येत नाही. ज्या पाण्यात ती वाढली, त्या पाण्याचे रहिवासी आणि त्यात विरघळलेली द्रव्ये ती सोबत आणते. त्यामुळे टाकीत लावण्याआधी तिची तयारी करावी लागते, हे मत्स्यपालनाचा छंद असलेले बहुतेक लोक मानतात. ही तयारी म्हणजे एखाद्या जंतुनाशकात बुचकळून काढणे, असा समज मात्र सर्रास आढळतो. तो अपुरा आहे आणि काही प्राण्यांच्या बाबतीत धोक्याचाही आहे. वनस्पतीला वेगळ्या पाण्यात, पुरेसे दिवस, एकटे ठेवणे हीच खरी तयारी. बाकी सगळे उपाय तिला पूरक आहेत. असे का, हे पाहण्यासाठी आधी त्या जुडीतले प्रवासी ओळखून घेऊ.

पानावर, पानात आणि मुळाशी

सर्वांत ठळक प्रवासी म्हणजे गोगलगायीची अंडी. गोंदियासारख्या पूर्व विदर्भातल्या जिल्ह्यांत बोड्यांमध्ये, म्हणजे छोट्या तळ्यांमध्ये, आणि धानाच्या बांध्यांमध्ये चपट्या वेटोळ्यासारख्या शंखाची इंडोप्लॅनॉर्बिस आणि टोकदार शंखाची लिम्निया अशा दोन गोगलगायी भारतातल्या इतर गोड्या पाण्यासारख्याच सहज सापडतात. त्यांची अंडी पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक, चिकट गोळ्यात असतात. बोट फिरवले तर बुळबुळीत लागते, पण नजरेला चटकन दिसत नाही. उबदार पाण्यात आठवड्या-दोन आठवड्यांत त्यातून पिल्ले बाहेर पडतात. वीस दिवसांनी दिसलेल्या गोगलगायींचा हिशेब इथे लागतो.

दुसऱ्या प्रकारचे प्रवासी पानावर नसून पानाच्या आत असतात. चतुर आणि टाचणी हे कीटक आपल्याला पाण्यावर उडताना दिसतात, पण त्यांचे बालपण पाण्याखाली जाते. टाचणीची मादी आणि काही चतुरांच्या माद्या शेपटीच्या टोकाशी असलेल्या धारदार अवयवाने वनस्पतीच्या देठाला बारीक चीर पाडतात आणि अंडे त्या चिरेत, पेशींच्या आत ठेवतात. अशी जुडी वाहत्या नळाखाली कितीही वेळ धरली तरी ते अंडे निघणार नाही. त्यातून बाहेर येणारे पिल्लू कमालीचे शिकारी असते. त्याचा खालचा ओठ बिजागरीसारखा झटक्यात पुढे येतो आणि बेडकाचा टॅडपोल, माशाचे पिल्लू किंवा डासाची अळी पकडतो. तलावात हा प्राणी उपकारक असतो, पण चार पिल्लांच्या टाकीत तो एकटाच सगळी पिल्ले संपवू शकतो.

मुळांशी वेगळीच मंडळी असतात. बहुतेक डासांच्या अळ्या श्वासासाठी पाण्याच्या पृष्ठभागावर येतात, म्हणून त्या दिसतात. मॅन्सोनिया या डासाची अळी पृष्ठभागावर येतच नाही. तिची श्वासनळी टोकदार असते. ती गोंडाळ किंवा जलपर्णी यांसारख्या तरंगत्या वनस्पतींच्या मुळात ती नळी खुपसते आणि मुळातल्या पोकळीतली हवा घेते. केरळमधल्या चेर्तला भागात हत्तीपायाचा एक प्रकार याच डासामुळे पसरत होता. तिथे डास आटोक्यात आणायचे म्हणून गोंडाळच काढून टाकावे लागले. झुपकेदार मुळांची तरंगती वनस्पती घरी आणणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

चौथा प्रवासी पशुपालकांच्या ओळखीचा आहे. गुरांच्या यकृतात राहणाऱ्या चपट्या कृमीची अंडी शेणातून पाण्यात येतात. त्यांतून निघालेले सूक्ष्म जीव लिम्निया गोगलगायीत शिरतात, तिच्या शरीरात वाढतात आणि शेपटीवाल्या रूपात पुन्हा पाण्यात उतरतात. यानंतर ते पाणवनस्पतीला चिकटतात, शेपटी टाकून देतात आणि भोवती टणक कोश करून बसतात. काठावरची वनस्पती गुराने खाल्ली की चक्र पुरे होते. माणसाच्या आतड्यात राहणारा फॅसिओलॉप्सिस नावाचा मोठा कृमी शिंगाड्यासारख्या पाणफळांच्या सालीवर असाच कोश करतो. कच्चा शिंगाडा दातांनी सोलू नये, हा सल्ला त्यामुळेच दिला जातो. टाकीतल्या माशाला यकृतकृमीचा कोश काही करणार नाही, पण जुडी हाताळणाऱ्याने हात साबणाने धुणे का गरजेचे आहे, ते यावरून कळते.

पाचवा प्रवासी जिवंतच नाही. रोवणीनंतर धानावर कीटकनाशकांच्या फवारण्या होतात. बांधीचे पाणी नालीत आणि नालीचे बोडीत जाते. दुकानात येणारी वनस्पतीही गोगलगायी होऊ नयेत म्हणून कधी तांब्याच्या क्षारांत बुडवलेली असते. शेतकऱ्याला मोरचूद म्हणून माहीत असलेले तांब्याचे क्षार गोगलगायीला मारतात आणि त्याच कारणाने झिंगे, बेडकांची पिल्ले व इतर नाजूक जलचरांनाही घातक ठरतात. म्हणजे जुडीवर एकही गोगलगाय नसणे हे ती सुरक्षित असल्याचे लक्षण धरता येत नाही.

न्यूट हा कडक परीक्षक का

वनस्पतीची तयारी किती काटेकोर असावी, हे ती कोणासाठी चालली आहे त्यावर ठरते. यात सर्वांत कडक परीक्षा घेणारा पाळीव प्राणी म्हणजे न्यूट. हा शेपटी असलेला उभयचर आहे. दिसायला पालीसारखा, पण नात्याने बेडकाचा भाऊबंद. महाराष्ट्रात तो निसर्गात आढळत नाही. भारतात दार्जिलिंग, सिक्कीम आणि ईशान्येकडच्या थंड डोंगरांत त्याचे भाईबंद आहेत. ते वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित असल्यामुळे पकडता किंवा पाळता येत नाहीत. युरोप-अमेरिकेत मात्र चिनी किंवा जपानी जातींचे न्यूट हौसेने पाळले जातात, आणि तिथल्या मराठी कुटुंबांतल्या मुलांच्या खोलीतही अशी टाकी असू शकते.

न्यूटची त्वचा हा इथला कळीचा मुद्दा आहे. माशाच्या अंगावर खवले असतात. न्यूटची त्वचा पातळ, ओलसर आणि झिरपणारी असते. तो तिच्यातून पाणी आत घेतो आणि प्राणवायूचाही मोठा वाटा तिच्यातूनच मिळवतो. पाण्यात जे विरघळलेले असेल, ते त्याच्या अंगात तोंडाने न पिताही जाते. त्यामुळे माशाला सोसेल एवढे क्लोरीन, तांबे किंवा तुरटी त्याला सोसेलच असे धरून चालता येत नाही.

याच त्वचेवर वाढणाऱ्या कायट्रिड नावाच्या बुरशीने जगभरच्या उभयचरांचे फार मोठे नुकसान केले आहे. बेडकांवरची जात १९९९ साली शास्त्रीय नावाने नोंदली गेली. सॅलॅमँडर आणि न्यूट यांना मारणारी दुसरी जात, बीसॅल, नेदरलँड्समधल्या मृत्यूंच्या तपासातून २०१३ साली ओळखली गेली. ती आशियातून पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून युरोपात पोचली, असे पुढच्या संशोधनाने दाखवले. अमेरिकेने जानेवारी २०१६ मध्ये सॅलॅमँडरच्या २०१ जातींच्या आयातीवर बंदी घातली, ती याच भीतीने. या बुरशीची बीजे शेपटीने पोहतात. ओल्या पानावर, ओल्या जाळीवर, बादलीच्या तळाशी उरलेल्या पाण्यात ती तग धरतात. निर्जंतुक केलेल्या तलावाच्या पाण्यात पहिली जात यजमानाशिवाय सात आठवडे जिवंत राहिल्याचे प्रयोगात आढळले आहे. पूर्ण वाळल्यावर मात्र ती मरते.

गोंदियात न्यूट पाळावा, असे सुचवण्याचा इथे अजिबात हेतू नाही. बहुतेक न्यूटना विशीच्या आसपासचे थंड पाणी लागते, आणि गोंदियाचा मे महिना ४५ अंशांच्या घरात जातो. अशा हवेत त्या प्राण्याला आणणे म्हणजे त्याचे हाल करणे आहे. बोडीतले बेडूक धरून आणून पाळणेही तितकेच गैर. तरीही न्यूटचा निकष डोळ्यांपुढे ठेवणे उपयोगाचे आहे. जी वनस्पती न्यूटच्या टाकीत निर्धास्तपणे लावता येईल, ती गप्पी, झिंगे, कासव किंवा शाळेच्या प्रयोगशाळेतले टॅडपोल यांच्यासाठीही जवळपास नेहमीच सुरक्षित असते.

दोन मिनिटांचे ब्लीच की चार आठवड्यांची वाट

सर्वांत प्रचलित उपाय ब्लीचचा. एक भाग घरगुती ब्लीच आणि एकोणीस भाग पाणी, त्यात दोन मिनिटे जुडी बुडवायची, लगेच धुवायची आणि क्लोरीन मारणाऱ्या पाण्यात ठेवायची. जाड पानांच्या वनस्पतींवर हा उपाय बऱ्याच अंशी चालतो. पण त्याचा हिशेब करून पाहावा. घरगुती ब्लीचमध्ये सुमारे ४ ते ६ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असते. वीसपट पातळ केल्यावरही लिटरमागे २,००० मिलिग्रॅमच्या वर क्लोरीन उरते. आपल्या पिण्याच्या पाण्यात ते ०.२ मिलिग्रॅम असावे, असा दंडक आहे. म्हणजे वनस्पतीला पिण्याच्या पाण्याच्या निदान दहा हजार पट तीव्र क्लोरीनमध्ये बुडवले जाते. हायड्रिला, हॉर्नवर्ट, व्हॅलिसनेरिया आणि शेवाळवर्गीय मऊ वनस्पती त्यात पांढऱ्या पडून विरघळतात. गोंदियाच्या पाण्यात सहज मिळणाऱ्या आणि नवशिक्याला सर्वाधिक उपयोगी अशा वनस्पती नेमक्या याच आहेत.

त्यात दोन स्थानिक अडचणी आहेत. आपल्याकडे पुष्कळदा द्रवरूप ब्लीचऐवजी ब्लिचिंग पावडर वापरली जाते. तिची ताकद पिशवी फोडल्यापासून घटत जाते, त्यामुळे पुस्तकातले माप तिला लागू पडत नाही. कमी पडले तर काम होत नाही, जास्त झाले तर वनस्पती जळते. दुसरी अडचण, क्लोरीन चिखल आणि कुजलेल्या पानांवरच खर्च होते. चिखलाळलेली जुडी न धुता बुडवली तर अंड्यांपर्यंत पोचायला फारसे क्लोरीन उरतच नाही. आणि टाचणीचे अंडे तर देठाच्या पेशीत बसलेले असते. तिथे दोन मिनिटांत ते मारण्याइतके क्लोरीन शिरले, तर देठही वाचणार नाही.

पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे विहिरीत टाकायचे ते लाल औषध, ब्लीचपेक्षा सौम्य आहे. फिकट गुलाबी द्रावणात दहा-पंधरा मिनिटे ठेवल्यास पृष्ठभागावरचे बरेच जंतू मरतात आणि बहुतेक वनस्पती टिकतात. पण तेही पृष्ठभागापुरतेच. तुरटीच्या पाण्याने गोगलगायी मरतात, असे सांगितले जाते. तुरटीतले ॲल्युमिनियम आम्लधर्मी पाण्यात उभयचरांच्या पिल्लांना विषारी ठरते, त्यामुळे न्यूटच्या निकषावर ती बाद होते.

आता वेगळे ठेवण्याच्या पद्धतीकडे पाहू. बाजारातून नवी गाय आणली की जाणता शेतकरी तिला लगेच जुन्या गुरांच्या दावणीला बांधत नाही, काही दिवस वेगळी ठेवून तिचे शेण, तोंड, खूर बघतो. आजार असेल तर या दिवसांत वर येतो. वनस्पतीच्या बाबतीत या वाट पाहण्याने एकाच वेळी चार कामे होतात. पहिले, पानावरची आणि पानातली अंडी फुटतात आणि लपलेला प्रवासी उघड्यावर येतो. तो वेचून काढता येतो. दुसरे, यजमानावर जगणारे परजीवी यजमानाशिवाय उपाशी मरतात. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आणणारा इक हा परजीवी पानांना चिकटून विभागतो, पण बाहेर पडलेल्या पिल्लांना उबदार पाण्यात एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती संपतात. तिसरे, पानांत आणि देठांत मुरलेली रसायने हळूहळू पाण्यात उतरतात आणि पाणी बदलले की निघून जातात. प्रत्येक वेळी नव्वद टक्के पाणी काढून ताजे भरले, तर तीन बदलांनंतर मूळ पाण्यातले हजारात एकच शिल्लक राहते. चौथे काम वनस्पतीचे स्वतःचे. रोपवाटिकेत पुष्कळ पाणवनस्पती हवेत पाने काढून वाढवतात. पाण्यात बुडल्यावर ती जुनी पाने कुजतात आणि पाण्यातली नवी पाने फुटतात. ही कूज बादलीत झाली तर काही बिघडत नाही, टाकीत झाली तर पाणी बिघडते.

यातले एकही काम रसायन इतक्या बिनधोकपणे करत नाही. चार आठवड्यांचा धीर नसतो, ही अडचण खरी आहे. पण घाईने वाचवलेले चार आठवडे पुढे गोगलगायी वेचण्यात किंवा आजारी प्राणी सांभाळण्यात जातात. ज्याला थांबणे शक्यच नाही, त्याने प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने वाढवलेली, बंद डबीतली वनस्पती घ्यावी. तिच्यावर ना गोगलगाय असते ना कीटकनाशक. मुळांभोवतीची जेली कोमट पाण्यात पूर्ण धुतली की झाले.

चौकट : बादलीतले चार आठवडे

पहिल्या दिवशी जुडीला बांधलेली शिशाची पट्टी, रबर आणि कुंडीतला लोकरीसारखा धागा काढून टाकावा. पिवळी, भोके पडलेली पाने खुडावीत. पानांची खालची बाजू उजेडात धरून पाहावी आणि चिकट गोळे नखाने काढावेत. मग वाहत्या पाण्यात मुळांसह धुवावे. हवे असल्यास यानंतर लाल औषधाची फिकट गुलाबी अंघोळ घालावी.

स्वच्छ, साबण न लागलेल्या पांढऱ्या बादलीत क्लोरीन गेलेले पाणी घेऊन जुडी सोडावी. पांढऱ्या तळावर प्रवासी लगेच दिसतात. बादली उजेडात पण सावलीत ठेवावी, एप्रिल-मेमध्ये तर उन्हापासून पूर्ण जपावी. डास येऊ नयेत म्हणून वर मच्छरदाणीचे कापड बांधावे.

पहिल्या आठवड्यात पाणी एक दिवसाआड, नंतर आठवड्यातून दोनदा बदलावे. दर खेपेला तळ आणि पाने तपासावीत. तिसऱ्या आठवड्यानंतर एकही नवी गोगलगाय किंवा अळी दिसली, तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावेत. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत अंडी उशिरा फुटतात, तेव्हा सहा आठवडे धरावेत. वनस्पती उभयचरांच्या पाण्यातून आलेली असेल, तर न्यूटसाठी आठ आठवड्यांपेक्षा कमी चालणार नाही. तीच वनस्पती दुसरीकडून मिळत असेल तर अशी जुडी घेऊच नये हे बरे.

पाण्याबद्दल एक गोष्ट चौकटीत मावली नाही. गावात विहिरीचे पाणी वापरणाऱ्याला क्लोरीनची काळजी सहसा नसते. पावसाळ्यात मात्र ग्रामपंचायत विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकते, तेव्हा तेच पाणी धोक्याचे होते. असे पाणी पसरट भांड्यात दिवसभर उघडे ठेवावे, किंवा माशांच्या दुकानात मिळणारे अँटिक्लोरीनचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, वापरावेत.

तलावात चालते, मग टाकीत का नाही?

सर्वांत विचार करायला लावणारा आक्षेप असा: तलावात गोगलगायी, चतुर, जळवा, कृमी, मासे आणि बेडूक सगळे एकत्रच राहतात. तिथे कोणी पाने धूत बसत नाही. मग टाकीसाठी एवढा खटाटोप कशाला?

याचे उत्तर शोधायला गोंदियासारखा दुसरा जिल्हा नाही. भंडारा आणि १९९९ साली त्यातून वेगळा झालेला गोंदिया यांची ओळखच तलावांचा प्रदेश अशी आहे. कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव मालगुजारी संपल्यावर सरकारकडे आले. माजी मालगुजारी तलाव, म्हणून लोकांच्या तोंडी ते मामा तलाव झाले. पुढे अनेक तलावांत बेशरम माजली. मूळची दक्षिण अमेरिकेची ही झुडपे गुरे खात नाहीत, आणि खोडाचा तुकडा ओल्या मातीत पडला तरी रुजतो. काठ आणि उथळ पाणी तिने व्यापले, तशा पाण्यातल्या देशी वनस्पती हटल्या आणि त्यांच्या आधाराने अंडी घालणारे देशी मासेही घटले. अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर, मासेमार ढिवर समाजातले पतिराम तुमसरे आणि निमगावच्या शालू कोल्हे यांच्यासारखे कार्यकर्ते व गावोगावच्या ढिवर स्त्री-पुरुषांनी यावर जे काम केले, त्याचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी बेशरम मुळासकट काढायची, मग तळ नांगरायचा, आणि त्यानंतर त्यात पाणवनस्पती आणून लावायच्या: बुडून वाढणाऱ्या हायड्रिला, सेरॅटोफायलम आणि व्हॅलिसनेरिया, तरंगत्या पानांच्या निम्फॉइडिस, काठालगतच्या उथळ पाण्यातली एलिओकॅरिस. कोणत्या वनस्पतीच्या आडोशाला कोणता मासा राहतो, हे ढिवरांचे पिढीजात ज्ञान या निवडीच्या मुळाशी होते.

अशा कामात वनस्पतीसोबतचे प्रवासी नको असण्याचे कारण नाही. आसपासच्या पाण्यातून आलेल्या जुडीबरोबर गोगलगायी, कीटकांची अंडी आणि सूक्ष्म जीव आले, तर ओसाड झालेल्या तलावाला तेच हवे असते. गोगलगायी आल्या की मुग्धबलाक त्या टिपायला येतो. चतुराची पिल्ले वाढली की मरळ त्यांना खाते. एक हेक्टर पसरलेल्या आणि सरासरी एक मीटर खोल तलावात एक कोटी लिटर पाणी असते. घरची टाकी चाळीस लिटरची. अडीच लाख पट पाण्यात रसायन विरळ होते, परजीवी विखुरतात, माशाला दूर जाता येते, आणि जो फार वाढेल त्याला खाणारा कोणीतरी असतो. टाकीत यांतले काहीच नसते. पळायला जागा नाही, खाणारा नाही, पाणीही तेवढेच. जी गोष्ट तलावाला जिवंत करते तीच टाकीला बिघडवते, ती पाण्याच्या या आकारामुळे. म्हणून तलावाचा दाखला टाकीला लावता येत नाही.

घरच्या टाकीसाठी मात्र अशा लावलेल्या तलावातून किंवा नवेगाव राष्ट्रीय उद्यानाच्या पाण्यातून वनस्पती उपटून आणू नयेत. एकीकडे लोकांनी मेहनतीने लावलेले आहे, दुसरीकडे कायद्याची मनाई आहे.

प्लास्टिकची पाने का नकोत

इतके सारे वाचून कोणी म्हणेल की प्लास्टिकची वेल लावावी आणि मोकळे व्हावे. प्राण्याला आडोसा मिळण्यापुरते ते खरे आहे. पण टाकीतले सर्वांत मोठे विष बाहेरून येत नाही, ते प्राण्याच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून तयार होणारे अमोनिया असते. पाण्यातले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. जिवंत वनस्पती अमोनिया थेट शोषून घेते आणि त्यातून पाने वाढवते. आपल्या हवामानात हे फार मोलाचे आहे, कारण अमोनियाचा विषारी अंश तापमानासोबत वाढतो. किंचित अल्कधर्मी पाण्यात, सामू ८ असताना, तो २० अंशांना सुमारे चार टक्के असतो, ३० अंशांना साडेसात टक्के. त्याच वेळी पाण्यात मावणारा प्राणवायू लिटरमागे ९.१ मिलिग्रॅमवरून ७.५ वर उतरतो. उन्हाळ्यात टाकीतल्या प्राण्याला दोन्ही बाजूंनी ताण पडतो, आणि दिवसा दोन्ही बाजूंनी मदत करणारी गोष्ट म्हणजे वाढती वनस्पती. रात्री ती स्वतः प्राणवायू वापरते, म्हणून टाकी ठासून भरू नये आणि हवेचा पंप चालू ठेवावा.

न्यूटच्या बाबतीत आणखी एक कारण आहे, आणि ते फार सुंदर आहे. अनेक जातींची मादी अंडी ढिगाने टाकत नाही. ती एक मऊ पान निवडते, मागच्या पायांनी ते दुमडते आणि घडीत एकच अंडे ठेवते. चिकट आवरणामुळे घडी बंद राहते. मग ती पुढच्या पानाकडे वळते. एका हंगामात शेकडो अंडी ती अशी एकेक करून गुंडाळते. प्लास्टिकचे पान तिला दुमडता येत नाही. आणि जे पान अंड्याला महिनाभर बिलगून राहणार, त्यात तांबे किंवा क्लोरीन मुरलेले नसावे, ही अपेक्षा जास्तीची म्हणता येणार नाही.

टाकीतून बाहेर जाताना

तयारीचा उरलेला भाग उलट दिशेचा आहे. वनस्पती वाढते, छाटावी लागते, आणि छाटलेली जुडी बोडीत किंवा नालीत टाकून देण्याचा मोह होतो. आपल्या तलावांतली साधी हायड्रिला १९५० च्या दशकात शोभेच्या वनस्पतींच्या व्यापारातून अमेरिकेत फ्लोरिडाला पोचली आणि तिथल्या जलाशयांतले अत्यंत त्रासदायक तण झाली. इथे तिला खाणारे कीटक आणि मासे आहेत, तिथे नव्हते. दुकानातली ॲमेझॉन स्वोर्ड किंवा कॅबोम्बा आपल्याकडे अशीच परकी आहे. जलपर्णी आणि बेशरम या दोन परक्या वनस्पतींनी काय केले, ते गोंदियाच्या माणसाला सांगावे लागत नाही.

त्यामुळे छाटलेली जुडी कडक उन्हात, सिमेंटच्या ओट्यावर, काडीसारखी तुटेपर्यंत वाळवावी आणि मग खतात घालावी. पावसाळ्यात ऊन नसते, तेव्हा ती छपराखाली पसरावी आणि ओलावा पूर्ण जाईपर्यंत उचलू नये. वेगळ्या बादलीतले पाणी नालीत न ओतता परसातल्या झाडांच्या आळ्यात मुरवावे, म्हणजे त्यातली अंडी आणि बीजे मातीतच राहतात. बादली, जाळी आणि चिमटा मुख्य टाकीसाठी वापरू नयेत. प्रत्येक वापरानंतर ते पूर्ण वाळवावेत. टाकी मोडायची झाली तर तळाची वाळूही चाळून पाहावी. हायड्रिलाचे वाटाण्याएवढे कंद तिथे राहतात. ते पाण्याबाहेरही बरेच दिवस जिवंत असतात आणि खताच्या खड्ड्यातूनही उगवू शकतात, म्हणून ते वेचून चुलीत टाकावेत.